स्वतःचे मत, पाच गुण

“बाई, या उत्तराला पाचपैकी पाच? नमुना उत्तरातला एक तरी मुद्दा आहे का यात?”

तपासलेले पेपर पुन्हा पडताळणारा बोर्डाचा मॉडरेटर उत्तरपत्रिका हातात घेऊन तपासनिसांच्या लांब टेबलापाशी उभा होता. बाईंनी चष्मा वर सरकवला. हा त्यांचाच जुना विद्यार्थी. वर्गात प्रत्येक वाक्याला फाटे फोडायचा, म्हणून बाईंनीच त्याचं नाव ‘फाटेकर’ पाडलं होतं. लाडकं पोर होतं ते.

“प्रश्न काय आहे, वाच.”

“‘शाळेत गणवेश असावा का? स्वतःचे मत लिहा.’”

“मग? लिहिलंय की तिने.”

त्या अनोळखी मुलीने लिहिलं होतं : गणवेशामुळे सगळे सारखे दिसतात असं म्हणतात. माझा गणवेश ताईचा आहे. तो इतका विटलाय की रांगेत मी लांबूनच ओळखू येते. साध्या कपड्यांत निदान कोण गरीब ते शोधावं तरी लागलं असतं.

‘समानता निर्माण होते’ हे वाक्य तपासून तपासून बाईंचे डोळे शिणले होते. हे उत्तर मात्र त्यांनी पुन्हा एकदा वाचलं होतं आणि मगच पाच गुण दिले होते.

“समानता, शिस्त, ओळख. एकही मुद्दा जुळत नाही,” फाटेकर म्हणाला. “शून्य करा.”

“मत तिचं आणि मुद्दे तुमचे? अरे, मग ‘आमचे मत लिहा’ असा प्रश्न काढा ना सरळ!”

“बाई, जरा हळू.”

“का हळू? बेरीज बघ. हे पाच गेले तर पोरगी नापास होते. कशासाठी? डोकं वापरलं म्हणून?”

सगळं टेबल माना खाली घालून लाल पेनं चालवत होतं. मघाशी चहाच्या वेळी ‘हल्लीची मुलं विचारच करत नाहीत’ म्हणून गळा काढणारे हेच सगळे. आता एकाच्या तोंडून अवाक्षर निघेल तर शपथ. बाईंना त्यांची किळस आली.

“तू काय कमी भांडलास माझ्याशी? तुला कधी शून्य दिलं मी?”

फाटेकरचा चेहरा उतरला. “तेव्हा समोर तुम्ही होतात, बाई. माझ्या डोक्यावर वरचे बसलेत.”

“मी नाही खोडणार.”

त्याने उत्तरपत्रिका शेजारच्या तपासनिसापुढे सरकवली. शेजाऱ्याने उत्तर वाचलंसुद्धा नाही. पाच खोडले, शून्य काढलं आणि पुढचा पेपर ओढला. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि त्या उठून निघाल्या. कोणी त्यांना थांबवलं नाही.

घरी नात येरझाऱ्या घालत घोकत होती. दुसऱ्या दिवशी तिचा नववीचा मराठीचा पेपर होता.

“आजी, हे गाईड धर ना. मी म्हणते, तू बघ.” तिने डोळे मिटले. “माझ्या मते, गणवेशामुळे शिस्त लागते. माझ्या मते, शाळेची ओळख होते. माझ्या मते...”

ते गाईड टराटरा फाडून टाकावं असं बाईंना वाटलं. पण उद्याचा पेपरही अशाच एखाद्या टेबलावर जाणार होता.

“आजी, सांग ना. पुढे काय आहे माझं मत?”

बाईंनी ओळीवर बोट ठेवलं.

“सगळे सारखे दिसतात,” त्या म्हणाल्या.