मागच्या सीटवरच्या ताईसाहेब

ओव्हरसियरांनी टोपी नीट केली, गाडीचं मागचं दार उघडलं आणि कमरेत जेवढं वाकता येत होतं तेवढं वाकून ते उभे राहिले. अलीकडे ‘तेवढं’ म्हणजे फारसं नव्हतं.

“चार वाजून पाच मिनिटं झाली, ड्रायव्हरकाका,” आत बसता बसता ताईसाहेब म्हणाल्या.

“चुकलं, ताईसाहेब.”

“बाबांना सांगू का?”

“या खेपेला राहू द्या.”

ताईसाहेबांनी जरा विचार केला आणि माफ केलं. त्यांचं वय बाहत्तर होतं, बाबांना जाऊन तीस वर्षं झाली होती आणि ड्रायव्हरकाकांशी त्यांचं लग्न होऊन सत्तेचाळीस. यातली एकही गोष्ट आता त्यांच्या दप्तरी नव्हती.

गाडी अमेरिकन. अठरा फूट लांब, आठ सिलिंडरची, पुढची-मागची दोन्ही आसनं सोफ्यासारखी अखंड. गल्लीत तिला ‘पलंग’ म्हणत. सासरे होते तोवर ओव्हरसियरांना तिच्या स्टिअरिंगला हात लावायची परवानगी नव्हती. “जावईबापू, ही गाडी आहे, तुमचा रोडरोलर नव्हे,” असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि चारचौघं न चुकता हसायचे. पुढे ती वारसाने घरी आली. ओव्हरसियरांनी जन्मभर रस्ते बांधले आणि वाट्याला गाडी आली ती नेमकी त्या रस्त्यांवर न मावणारी.

घरात बायको त्यांना घाबरायची. “हे गृहस्थ रोज का येतात?” असं ती सांभाळणाऱ्या बाईंना विचारायची, आणि ते खोलीत आले की उशी पोटाशी धरून पलीकडे सरकायची. त्यांच्या हातचा चहाही ती घेत नसे. पण दुपारी चारला गाडी सुरू झाली, तो खर्जातला गुरगुराट खिडकीतून आत गेला, की तीच बाई आपणहून चपला पायात सरकवून बाहेर यायची. तिच्या लेखी ही शाळेतून घरी नेणारी गाडी होती. चार ते पाच ती ओव्हरसियरांशी बोलायची. नवरा म्हणून नव्हे, हे कबूल. पण उरलेले तेवीस तास बघता ड्रायव्हरच्या नोकरीबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

म्हणून गाडी होती तशी राखायची, एवढंच त्यांनी डोक्यात धरलं होतं. जुन्या गाड्यांच्या मंडळाचे लोक येत, बॉनेटवरून हात फिरवत आणि म्हणत, रंग खरवडून काढा, नवा मारा, प्रदर्शनात पहिला नंबर. ओव्हरसियर “बघू” म्हणत आणि त्यांना फाटकापर्यंत पोचवून येत. एकदाच त्यांना दुर्बुद्धी झाली होती. मागची सीट फाटली म्हणून त्यांनी तिला नवं कव्हर शिवून घेतलं. अगदी त्याच रंगाचं. ताईसाहेबांनी एक पाय आत टाकला, सीटवर हात टेकला आणि पाय बाहेर काढला. “ही आमची गाडी नाही,” म्हणाल्या आणि रडायला लागल्या. ओव्हरसियर त्याच पावली सीटवाल्याकडे गेले, त्याच्या चिंध्यांच्या ढिगातून जुनं कव्हर उपसून काढलं आणि जसंच्या तसं बसवून घेतलं. फाटलेल्या जागेसकट. सीटवाल्याने धंद्याच्या पंचवीस वर्षांत फाटकं बसवून देण्याचं काम पहिल्यांदाच केलं.

पाच मिनिटं उशीर झाला त्या दिवशी गाडी चौकापर्यंत नीट गेली. चढावर मात्र इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. ओव्हरसियरांनी गिअरचा दांडा वर-खाली केला. गाडी जागची हलेना, आणि मग हळूहळू मागे यायला लागली. रस्त्यावरची सात-आठ माणसं धावून आली आणि धक्का देऊन त्यांनी तिला कडेला लावलं. ताईसाहेबांनी खिडकीची काच खाली केली. “सावकाश ढकला. रंगाला बोटं लागतात,” त्यांनी बजावलं.

गॅरेजातला मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला तो मान हलवतच.

“गिअरबॉक्स गेला, साहेब. आतल्या चकत्या पार गुळगुळीत.”

“दुसरा मिळेल?”

“हा जिथे बनला तिथेही मिळायचा नाही.” त्याने हात पुसले. “पण काळजी करू नका. टेम्पोचं इंजिन आहे माझ्याकडे, गिअरबॉक्ससकट. ते बसवतो. मरेपर्यंत बघायला नको.”

“आवाज कसा येईल?”

“टेम्पोचा! टेम्पोच्या इंजिनातून काय कोकिळा ओरडणार?”

ओव्हरसियर पुढच्या सीटवर बसून राहिले. अंगठ्याने त्यांनी डॅशबोर्डवरची धूळ पुसली, नसलेली धूळ पुन्हा पुसली.

“इंजिन चालू राहतं ना हे?”

“इंजिनाला काय धाड भरलीय? पण जागच्या जागी.”

“मग राहू दे तसंच. ओढून घरी पोचव.”

“न चालणारी गाडी करायची काय, साहेब? शोभेला?”

“बसायला,” ओव्हरसियर म्हणाले.

ओढायला वाहन मिळेपर्यंत दोन दिवस गाडी मिस्त्रीकडे होती. दोन्ही दिवस चार वाजता ताईसाहेब चपला घालून खोलीत पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. “शाळा कधीच सुटली,” सांभाळणाऱ्या बाईंना त्या म्हणाल्या. “सगळ्या मुली गेल्या. मलाच न्यायला कोणी येत नाही.” ओव्हरसियर दाराआड उभे होते. आत जायची त्यांची प्राज्ञा नव्हती.

तिसऱ्या दिवशी गाडी आली. चौघांनी ढकलून ती अंगणात आणली आणि नाक कुंपणाच्या भिंतीला लावून उभी केली. चारला ओव्हरसियरांनी टोपी घातली, किल्ली फिरवली. तोच खर्ज. ताईसाहेब बाहेर आल्या, दोन दिवसांच्या उशिराबद्दल काहीही न बोलता आत बसल्या. ओव्हरसियरांनी दार लावलं, पुढे येऊन बसले आणि भिंतीकडे तोंड करून स्टिअरिंग धरलं. गाडी थरथरत होती.

एक मिनिट गेलं.

“काका, थांबलो का आपण?”

हे उत्तर त्यांनी दोन दिवस घोकलं होतं. “रेल्वेचं फाटक पडलंय, ताईसाहेब.”

ताईसाहेबांनी पुढे वाकून भिंत नीट पाहिली.

“मालगाडी असेल.”

“असेल.”

“मग लागणार वेळ.” आणि त्या मागे टेकल्या.

रोज त्या दुकानांच्या पाट्या वाचत, शाळेतल्या मैत्रिणींची घरं दाखवत. आता दोन्ही बाजूंना वाचण्याजोगं काही नव्हतं. त्यामुळे असेल, त्यांचं लक्ष टोपीखालच्या माणसाकडे गेलं.

“काका, तुम्हाला बायको आहे?”

ओव्हरसियरांनी आरशात पाहायचं टाळलं. “आहे.”

“कशी आहे?”

“उंच आहे. चहात साखर घालायला विसरते आणि वर पिणाऱ्यालाच जीभ नाही म्हणते.”

“म्हणजे भांडखोर.”

“थोडी.”

“या गाडीत बसवलंत कधी तिला?”

“पुढे बसायची. इथे, माझ्या शेजारी.”

“बाबांना विचारून?”

“नाही.”

“मी नाही सांगणार,” ताईसाहेबांनी आवाज खाली आणला. “आता कुठे असते?”

“घरीच.”

“एकटी?”

ओव्हरसियरांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. “हो. बरेच दिवस झाले, एकटीच आहे.”

“मग तुम्ही इथे काय करताय? हे काही इतक्यात उघडत नाही. जा, भेटून या तिला.”

“तुम्हाला एकटं सोडून?”

“मी काय लहान आहे आता? चौथीत आहे.”

ओव्हरसियर उतरले, इंजिन तसंच चालू ठेवून घरात गेले. बायकोला भेटायला किती वेळ लागतो याचा त्यांना अंदाज येईना. ते तिच्या खोलीत गेले, पलंगावर ती झोपते त्या बाजूला बसले. उशीवर एक पांढरा केस होता. तो त्यांनी उचलला नाही. चादरीची चुणी मात्र हाताने सारखी केली, पुन्हा केली.

सांभाळणाऱ्या बाई दारात आल्या. “काही हवंय का, साहेब?”

“नाही. आलो होतो जरा,” ओव्हरसियर म्हणाले आणि उठले.

बाहेर गाडीत ताईसाहेब ताठ बसून होत्या. ओव्हरसियर बसायच्या आतच त्यांनी विचारलं,

“भेटली?”

“भेटली.”

“काय म्हणाली?”

ओव्हरसियरांनी दार लावून घेतलं. ते जड दार नीट बसायला नेहमीच थोडा वेळ लागे.

“म्हणाली, आधी ताईसाहेबांना पोचवा. माझं काय, मी थांबते.”

मागे सीटची स्प्रिंग कुरकुरली, आणि ताईसाहेबांचा हात पुढे येऊन त्यांच्या खांद्यावर दोनदा थोपटून गेला, मोठी माणसं लहानांना थोपटतात तसा.

“चांगली आहे हो,” त्या म्हणाल्या. “जपा तिला.”

ओव्हरसियरांनी मान हलवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि रस्त्याकडे पाहावं तसे ते भिंतीकडे पाहत राहिले.