मधली जाळी

पीस इतकं बारीक होतं की पावलिनाला ते आधी दाण्याचं टरफलच वाटलं – पिंजऱ्याचा तळ झाडताना ती ते कागदाबरोबर गुंडाळून टाकणारच होती – पण ते बोटाला चिकटलं, आणि खिडकीकडे धरल्यावर दिसलं की पिवळ्या पिसाच्या देठाशी काळसर, वाळलेलं काहीतरी आहे. रक्त. म्हणजे हे त्या दिवसाचं... पण त्या दिवसानंतर तिने तळ रोज झाडला होता, काल सकाळीसुद्धा. आणि तेव्हापासून तर मधली जाळी लावलेलीच होती. तिने वाकून पाहिलं. जाळी खाचेत घट्ट बसलेली होती, नर डावीकडे, मादी उजवीकडे, आणि तारांमध्ये फट एवढीच की एक चोच पलीकडे जावी – भरवण्यापुरती.

मादी घरट्याच्या वाटीत बसली होती. चोचीत तागाचा दोरा, तो एकदा या कडेला खोचायचा, मग उपसून त्या कडेला. डोक्यावर, डोळ्यांच्या मध्ये, पिसं उडून गेली होती आणि तिथे खपली धरली होती. तशा डोक्याने ती घर बांधत होती. पावलिनाला तिचा राग आला. कशाला बांधतेस, असं तिला म्हणावंसं वाटलं, आणि मग आपण पाखराशी बोलणार होतो याचीच तिला लाज वाटली.

कॅनरी पाखरं नाझ्यूची, तिच्या नवऱ्याची. तो होता तेव्हा या मागच्या पत्र्याच्या खोलीत भिंतभर पिंजरे असत, सप्टेंबर – इथला वसंत, विणीचा हंगाम – लागला की त्याला जेवायची शुद्ध नसे, आणि तो गेल्यावर तिने सगळी वाटून टाकली – ही एक जोडी सोडून. का ठेवली हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. काम मात्र ती त्याच्या पद्धतीने करायची. उकडलेलं अंडं किसून त्यात रस्कचा चुरा, कोवळी पानं धुऊन, पुसून, आणि नर-मादी आधी वेगवेगळी, मध्ये जाळी. नाझ्यूचा नियम एकच होता आणि तो तो देवाच्या आज्ञेसारखा सांगायचा – तो जाळीतून तिला भरवायला लागला, आणि ती घ्यायला लागली, की जाळी काढ. त्याआधी नाही, आणि त्यानंतर उशीर नाही. घास दिला-घेतला, म्हणजे जमलं.

त्या दिवशी तिने तेच केलं होतं. नराने गळ्यातला घास वर आणून तारांतून दिला, मादीने पंख थरथरवत घेतला – अगदी बाळासारखी – आणि पावलिनाने जाळी उपसली, समाधानाने, आणि कपडे वाळत घालायला बाहेर गेली. चादर दोरीवर टाकताना फडफड ऐकू आली. ती धावली तेव्हा मादी तळाला पडली होती आणि तो तिच्या पाठीवर उभा राहून तिचं डोकं टोचत होता, न थांबता, सुतार खिळा मारतो तसा. आणि मधूनच मान वर करून गायचा. ते गाणं... ते नेहमीचंच होतं. तितकंच गोड.

त्याच आठवड्यात जोझेट आली होती. मुलगी, एकुलती एक. हातात एक बॅग, “थोडे दिवस राहते, मा,” एवढंच म्हणाली आणि आपल्या जुन्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. वाळवंटावरून येणारा उत्तरेचा गरम वारा सुटला होता, सेंट ऑल्बन्समधली सगळी माणसं उघड्या दंडाने हिंडत होती, आणि ही बापाचं लोकरीचं जाकीट घालून, बाह्या पार बोटांपर्यंत ओढून. पावलिनाने विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं. नवरा-बायकोत काय होत नाही? आणि रेनाल्ड काही परका नव्हता – लग्नाआधी नाझ्यूच्या दाण्यांची पोती त्यानेच खांद्यावरून आणून टाकलेली, नाझ्यूच म्हणाला होता, हा मुलगा पाखरांजवळ हळू बोलतो, याला पोरगी द्यायला हरकत नाही.

आणि तो येत होता की! रोज, कामावरून सुटल्यावर. पुढच्या जाळीच्या दारापलीकडे उभा राहायचा, आत पाऊल टाकायचा नाही, आणि दार जरासं किलकिलं करून काहीतरी आत द्यायचा – कधी संत्री, कधी चीज भरलेल्या, पापुद्र्यांच्या गरम पास्तित्सी, तेलाने पारदर्शक झालेल्या कागदात. जोझेट तिथेच उभ्याने खायची. पावलिना स्वयंपाकघरातून बघायची आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. देतोय. घेतेय. म्हणून काल तिने आपण होऊन त्याला फोन केला – उद्या रविवार, जेवायलाच ये, आणि घेऊन जा तिला, मऊ झालीय आता.

“जाळी अजून लावलेलीच का?”

खिडकीबाहेर, कुंपणावरून स्पिरूचं डोकं वर आलं होतं. शेजारी, नाझ्यूचा दोस्त, पक्षी-मंडळाचा जुना सभासद, हातात पाण्याची नळी.

“डोकं फोडलंय त्याने तिचं,” पावलिना म्हणाली.

“फोडणारच. पेटलाय तो. तू मध्ये पडतेस, त्याने आणखी चेकाळतो. अगं, तापट नराची पिल्लं बघ, कशी दणकट निघतात! नाझ्यू असता तर हसला असता तुला.”

“नाझ्यूला काय, हसायला निमित्तच लागायचं.”

“भरवतोय ना अजून?”

“भरवतोय.”

“मग झालं तर! तुम्हा बायकांना कितीही भरवा, आपलं तोंड वाकडंच.” तो स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला आणि नळी घेऊन टोमॅटोकडे वळला.

ती घरात आली. ससा वाइनमध्ये मुरत पडला होता, लसूण सोलायचा होता. सोलता सोलता ती त्या पिसाचा विचार करत राहिली, मग करायचा नाही असं ठरवलं, आणि लसणाच्या पाकळ्या उगाच परत परत धूत बसली. जोझेट येऊन खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“एवढा ससा? कोण येणारे?”

“रेनाल्ड.” पावलिनाने मागे वळून पाहिलं नाही. “मीच बोलावलं. किती दिवस असं दारात उभं करायचं त्याला? गल्लीतली माणसं बघतात, पोरी.”

मागे जोझेटने खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली. भांडली असती तर बरं झालं असतं. लहानपणी काय भांडायची! एका सॉक्सवरून घर डोक्यावर घ्यायची, नाझ्यू कानांवर हात ठेवून पाखरांकडे पळायचा.

“बरं,” जोझेट म्हणाली. “आंघोळ करून घेते मग.”

“हो, कर. केस धू. आणि ते जाकीट काढ आता, उकडत नाही का तुला?”

“नाही उकडत, मा.”

बस, एवढंच. पाण्याचा आवाज सुरू झाला. ती तयार झाली, याचा आनंद व्हायला हवा होता, पण पावलिनाला तो होईना. रस्सा मंद आचेवर ठेवून ती पुन्हा मागच्या खोलीत गेली. पानं बदलायला, असं तिने स्वतःला सांगितलं.

दारातच थबकली, कारण नर गात होता. छाती फुगवून, जाळीला अगदी खेटून. मग गाणं थांबलं, त्याने गळा हलवून घास वर आणला आणि चोच फटीतून पलीकडे काढली. मादी वाटीत होती. ती आली नाही. त्याने वाट पाहिली... पुन्हा चोच पुढे केली. ती दोरा चोचीत धरून बसून राहिली, आणि मग उठली – सावकाश, कडेकडेने – जाळीपाशी आली आणि तोंड उघडलं. पण उशीर झाला होता. त्याने घास दिला नाही. त्या भरवायच्या फटीतूनच तिच्या कपाळाचं पीस धरलं, ओढलं, उपटलं. ती मागे सरली. तो पुन्हा गायला. पुन्हा चोच काढली. आणि आता ती लगेच आली, पंख थरथरवत, तोंड वासून, आणि तिने तो घास घेतला.

पावलिना तिथल्या उलट्या बादलीवर बसली. नाझ्यूने हे कधी पाहिलं नसेल? पाहिलं असणार... आयुष्यभर याच खोलीत होता तो. की तो फक्त घास बघायचा – दिला, घेतला, जमलं – आणि मी त्याच्यामागे उभी राहून तेच बघायचे. मादी का घेते हे कोण विचारतो? परवाची संध्याकाळ तिला आठवली, आठवायची नसताना. जोझेटने एक पास्तित्सा खाल्ला होता, दुसऱ्याला नको म्हणाली होती, आणि रेनाल्ड हसून, हळू, अगदी पाखराशी बोलावं तसं म्हणाला होता, “खा ना. मा बघतायत.” आणि जोझेटने खाल्ला. न चावता, गिळत गिळत. आणि आपण चुलीपाशी उभ्या राहून खूश झालो होतो. मी खूश झाले होते. माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. ती उठली. कशीबशी घरातून पुढे आली.

रेनाल्ड जाळीच्या दारापलीकडे उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात केकचं खोकं. “मा, वास काय सुटलाय! पार कोपऱ्यापासून येतोय. पोटात कावळे ओरडायला लागले माझ्या. उघडा की.”

कडी आतून लावलेली होती. तिचा हात कडीवर गेला. त्यात विचार नव्हता, दारात माणूस आला की हात जातो तसा गेला, आणि तिथेच राहिला.

“अडकली का? जरा वर उचला आणि ओढा. मी बाहेरून ढकलू?”

“थांब,” ती म्हणाली.

“थांबतो ना. मला कुठे घाई आहे?” तो हसला. चेहरा जाळीच्या जवळ आला, इतका जवळ की जाळीची नक्षी त्याच्या कपाळावर उमटल्यासारखी दिसली. “जोझी! आवरलं का गं?”

पावलिनाने मागे पाहिलं. जोझेट पॅसेजमध्ये उभी होती, ओले केस चापून विंचरलेले, जाकीट तेच, बॅग पायाशी. उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं होतं. पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती कडीवरच्या हाताकडे बघत होती – आईच्या हाताकडे – आणि त्या नजरेत काही नवीन नव्हतं, हीच नजर ती आली त्या दिवशी होती, जेवताना होती, रोज संध्याकाळी या दारात होती. पावलिनाला वाटत आलं होतं की पोरगी त्याची वाट बघते आहे.

“मा?” रेनाल्ड म्हणाला. आवाज अजून हळूच होता.

तिने त्याच्याकडे पाठ केली. हात मागे कडीवर तसाच, बोटं वळून घट्ट झालेली. भीती वाटत होती – त्याची नव्हे, जोझेट काय सांगेल त्याची. आणि एवढ्या दिवसांत तिने सांगितलं का नाही, याची. तरी आता, तिला विचारल्याशिवाय, हा हात कुठेच हलणार नव्हता.