भुंग्यावर उगारलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी चिव्याची काठी आहे. चिवा म्हणजे आमच्या बोरघाटाजवळच्या कोंडाणे गावच्या डोंगरातला भरीव बांबू. बोरघाटातून आगगाडी धावू लागली, त्या सुमारास धाकलू नावाच्या शेतकऱ्याने मला तोडून आणले, धगीवर शेकून सरळ केले आणि तेल चोळून चकचकीत केले.

मी काय काय कामे केली म्हणून सांगू! चिखलात धाकलूला सावरले, गुरे वळवली, साप हाकलले. धाकलूचा कुत्रा भुंग्या सदा आमच्याबरोबर असे. मी आणि भुंग्या म्हणजे धाकलूचे दोन हात, असे लोक म्हणत, आणि मला त्याचा भारी तोरा होता.

भादव्यातली ती दुपार आठवली की मात्र आजही माझे अंग शहारते. भुंग्या ओढ्याकडून धावत आला. तोंडातून पांढरा फेस गळत होता आणि तो सारखी मान झटकत होता.

"पिसाळला रं, पिसाळला!" शेजारचा नागू ओरडला. घराघरातून काठ्या निघाल्या. आमच्या गावाची रीत अशी, की ज्याचा कुत्रा पिसाळेल त्यानेच पहिला घाव घालायचा. कारण कुत्रा त्याच्याच जवळ येतो.

"धाकलू, बघतोस काय? पोरांना चावंल त्यो!" नागू पुन्हा ओरडला.

भुंग्या शेपूट हलवत जवळ आला. धाकलूने डोळे मिटले. आणि मी, मीच भुंग्याच्या पुढच्या पायावर बसले! हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. एवढी टणक मी, पण पार हादरून गेले.

"थांबा रं, मारू नका!" डोंगरावरच्या ठाकरवाडीतली म्हातारी ठकी लाकडाचा भारा टाकून धावत आली. तिच्या हातातल्या पानावर अर्धवट चावलेला, पुळ्यापुळ्यांचा बेडूक होता. "ह्यो बेडूक चावला त्यानं, माज्या डोळ्यांदेखत. त्याचं जहर तोंडाला लागलंय. पिसाळला नाय त्यो! पानी आणा!"

तिने भुंग्याचे तोंड खाली कलते धरले आणि पाणी घशात न जाता बाहेर वाहील असे कडेने ओतत राहिली. हळूहळू फेस थांबला. कोणी कोणाकडे पाहीना.

धाकलूने हात पुढे केला, तसा भुंग्या किंचाळून मागे सरला.

"राहू दे माज्याकडं, पाय जुळंस्तवर," ठकी म्हणाली.

पाय जुळला. महिन्याने धाकलू वाडीच्या वाटेवर गेला. त्याने मला जमिनीवर ठेवले आणि हाक मारली, "भुंग्या, ये रं!" भुंग्या लंगडत, शेपूट हलवत खाली आला. दोन पावलांवर त्याला मी दिसले. तो जागीच थांबला आणि मागे फिरला. धाकलू तिथेच बसून रडला.

तेव्हापासून त्याने मला हाती धरले नाही. मी गोठ्याच्या कोपऱ्यात पडून आहे.

मित्रांनो, तुमचा कुत्रा बाहेर काहीबाही खाऊन आला, तर घाबरून गावभर ओरडू नका. लांबून नीट पाहा, त्याने काय खाल्ले ते शोधा, जाणत्या माणसाला बोलवा. पण माझ्याकडे हात नेऊ नका. एकदा उगारल्यावर मला थांबता येत नाही. थांबायचे तुम्हालाच असते.