रक्त नसलेलं पुस्तक

धम्मप्रियाताईंच्या कादंबऱ्या लातुरात सगळ्यांत आधी कुणी वाचल्या, असं कुणी विचारलं असतं, तर सुकन्यानं स्वतःकडे बोट दाखवलं असतं. आणि ते खरंही होतं. ती मेडिकल प्रवेशाच्या एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायची. दिवसभर पोरांना रक्ताभिसरण समजावून घरी आली की रक्तपिशाच्चांच्या गोष्टी वाचत बसायची. स्टाफरूममध्ये यावरून तिची बरीच चेष्टा व्हायची, पण तिला त्याचं काही वाटत नसे.

धम्मप्रियाताई मूळच्या भोकरच्या, नांदेडला पोस्टात नोकरीला. त्यांची पहिली कादंबरी 'जिनिंगमधला पाहुणा' ही बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये राहणाऱ्या, निजामाच्या काळापासून न मेलेल्या एका मुनिमाची. तो लोकांचं रक्त पितो, पण घरच्या माणसानं 'या' म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. सुकन्याला हे पुस्तक एका प्रदर्शनात, पाककृतींच्या पुस्तकांखाली दबलेलं सापडलं होतं. वाचून झाल्यावर तिनं फोनवर वाचकांचा एक ग्रुप काढला. दहा-पंधरा माणसं होती. सुकन्या त्यावर लांबलचक अभिप्राय लिहायची. ताईही ग्रुपवर होत्या. त्या कधी बोलत नसत, फक्त हात जोडल्याची खूण पाठवत. सुकन्याला तेवढं आठवडाभर पुरायचं.

मग पहिल्या कादंबरीवर सिनेमा आला, पाठोपाठ दुसरीवर, आणि ग्रुप फुगला. कुणी म्हणे पुस्तकापेक्षा सिनेमा भारी, कुणी म्हणे पुस्तकातला मुनीम वाळका, खोकणारा होता आणि यांनी पैलवान उभा केलाय. सुकन्यानं सिनेमातल्या चुकांवर तीन भागांत लिहिलं. ते फार कुणी वाचलं नाही. त्याच संध्याकाळी अर्धापूरची अंजू म्हणून एक नवी बाई ग्रुपवर आली. तिचं ब्युटी पार्लर होतं. लिहायचा कंटाळा म्हणून ती बोलूनच पाठवायची. मागे ड्रायरचा आवाज, मधेच कुणाला तरी 'मान सरळ ठेवा' म्हणणं, आणि त्यातून मुनिमाबद्दल बोलणं. लोक तिचं बोलणं पुन्हा पुन्हा ऐकू लागले. एकदा तर ताईंनी तिला शब्दांत उत्तर दिलं. 'अंजू, तुझं ऐकून मला हसू आलं आणि मग रडू आलं,' असं आख्खं वाक्य.

सुकन्यानं ते वाक्य दिवसातून कितीदा तरी उघडून पाहिलं. इतक्या वर्षांत तिच्या वाट्याला हात जोडण्यापलीकडे काही आलं नव्हतं, आणि या बाईनं तर एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. सिनेमे पाहून आलेली ती. क्लासमध्ये फळ्यावर हृदयाची आकृती काढताना सुकन्यानं त्या दिवशी डावा आणि उजवा कप्पा उलटे लिहिले. पोरांनी दाखवून दिल्यावर ती पोरांवरच चिडली.

दोनच दिवसांनी अंजूनं तिला वेगळा निरोप पाठवला. मॅडम, तुम्ही ताईंचं समदं वाचलंय म्हणतात, मी आता वाचायला घेते, कोणतं आधी घेऊ? सुकन्यानं उत्तर द्यायला फार वेळ लावला नाही. तिनं तिसऱ्या कादंबरीचं नाव कळवलं, 'कडी'.

'कडी' हे ताईंचं सगळ्यांत पडलेलं पुस्तक. त्यावर सिनेमा करायला कुणी तयार नव्हतं. त्यात रक्तपिशाच्च झालेला मुलगा रोज संध्याकाळी आईच्या दारात येऊन उभा राहतो आणि आई कडी काढत नाही, एवढंच पानामागून पान चालतं. ग्रुपवर त्याला 'रक्त नसलेलं पुस्तक' म्हणायचे, आणि हे नाव सुकन्यानंच पाडलं होतं. आई नुसती दगड आहे, भयकथेत भीतीच नाही, असं तिनं तेव्हा लिहिलं होतं. अंजू चाळीस पानांत पुस्तक ठेवून देईल आणि परत सिनेमावर बोलायला लागेल, म्हणजे ताईंनाही कळेल कोण वाचक आणि कोण प्रेक्षक, असा तिचा हिशोब होता. अंजूनं मनापासून आभार मानले, तेव्हा सुकन्यानं फोन पालथा घालून ठेवला.

महिन्याभरानं नांदेडला एका वाचनालयात ताईंशी गप्पांचा कार्यक्रम ठरला. सुकन्या रविवारी पहाटेची एसटी धरून अहमदपूर-लोह्यावरून नांदेडला पोचली. पहिल्या कादंबरीची जुनी प्रत तिनं सहीसाठी पिशवीत घेतली होती, आणि विचारायचे प्रश्न पाठ केले होते. हॉल भरलेला होता. अंजू पुढच्याच रांगेत बसली होती. ठेंगणी, केसांना मेंदीचा रंग, मांडीवर केळींची पिशवी. ग्रुपवरच्या फोटोवरून सुकन्याला ओळखून तिनं शेजारची खुर्ची रिकामी करून दिली. सुकन्याला बसावंच लागलं.

सुरुवातीला बोलणं सिनेमांवरच फिरलं. तिसरा सिनेमा कधी, मुनीम तोच असणार का, असं लोक विचारत राहिले. ताई उत्तरं देत होत्या, पण थकलेल्या दिसत होत्या. सुकन्या हात वर करणार इतक्यात अंजू उभी राहिली.

"ताई, मी 'कडी' वाचलं," ती म्हणाली. मागून कुणीतरी हसलं. "लोक म्हणतात ती आई दगड हाय. मला तसं न्हाई वाटलं. माझा भाऊ लई प्यायचा. पिऊन आला की माय आतून कडी लावायची. समदी गल्ली म्हणायची, कसली माय ही. पण मी आत असायचे ना. माय दाराला पाठ लावून बसायची, तो बाहेर झोपी जाईस्तोवर. तुमच्या पुस्तकात ती बाई दार उघडत न्हाई, पण दारापासून उठतबी न्हाई. एकदाबी न्हाई. मी पानं उलटून बघितली."

ताईंनी माईक खाली ठेवला, मग पुन्हा उचलला. हे पुस्तक याच एका गोष्टीसाठी लिहिलं होतं, असं त्या म्हणाल्या. ती कुणाला दिसली नाही म्हणून आपल्यालाच लिहिता आलं नाही असं मानून त्यांनी पुढचं लिखाण बंद ठेवलं होतं.

सुकन्यानं हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. आई कुठे बसलीये, हे तिनं पाहिलंच नव्हतं.

"मला काय कळत होतं कुठलं वाचावं ते," अंजू सांगत होती. "या सुकन्या मॅडमनी सांगितलं, हे आधी वाच."

ताईंनी सुकन्याकडे पाहिलं. त्यांना तिचा जुना अभिप्राय आठवत असणार, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "तुम्ही ते परत वाचलंत," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "फार थोडे लोक असं करतात."

नाही म्हणायला एक श्वास पुरला असता. सुकन्यानं हो म्हणून मान हलवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर ताईंनी तिला जवळ बोलावून घेतलं, खांद्यावर हात ठेवून फोटो काढला, जुन्या प्रतीवर चार ओळी लिहून दिल्या. इतक्या वर्षांत जे जे हवं होतं ते सगळं त्या दुपारी मिळालं, आणि हातात घेतलेलं काहीच आपलं वाटेना. अंजूनं जाताना तिच्या पिशवीत केळी कोंबली. आपल्या पार्लरवर यायचं निमंत्रण दिलं. सुकन्याला तिचा राग आला, आणि राग यावा असं त्या बाईनं काहीच केलं नव्हतं, याचा त्याहून जास्त आला.

परतीच्या एसटीत उन्हाची बाजू मिळाली. लोहा मागे पडल्यावर तिनं फोनमध्ये 'कडी' उघडलं आणि वाचायला घेतलं. गोष्टीसाठी नाही, अंजूची चूक सापडते का बघायला. कुठेतरी ती आई उठली असेल, पाणी प्यायला, दिवा लावायला, कशालाही. पान उलटत ती अहमदपूरपर्यंत आली. आई उठत नव्हती. बाहेर पोरगा गोड बोलायचा, शिव्या द्यायचा, लहानपणच्या गोष्टी काढायचा, आणि ही पाठ टेकून तशीच. पुढे पुढे सुकन्या चूक शोधायचं विसरली. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

लातूर जवळ आलं तेव्हा अंजूचा निरोप आला. पोचलात का, आणि आता पुढचं कुठलं घेऊ?

सुकन्याला दुसरी कादंबरी सांगता आली असती, ती सरधोपट होती, कुणाच्याही हातात देण्यासारखी. पहिलीतली काही पानं तिला तोंडपाठ होती. त्यातल्या मुनिमाचं खोकणं, त्याचं दारात अदबीनं उभं राहणं, हे दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांनी पाहायची तिची इच्छा नव्हती. या बाईला त्यातही काहीतरी दिसणार, आणि मग ते आपल्याला कधीच दिसलं नव्हतं हे कळणार.

तिनं पहिल्या कादंबरीचं नाव टाइप केलं, थांबली, आणि पाठवून दिलं. मग स्टँड येईपर्यंत ती फोन पुन्हा पुन्हा उघडून पाहत राहिली, अंजूनं आत्ताच पहिलं पान उघडलं असेल या विचारानं.