शेवटच्या वळणावरचे झाड

मित्रांनो, शिवणयंत्राशेजारच्या खिळ्यावर लोंबणारी, कडा उसवलेली पिवळट पट्टी तुम्ही कधी पाहिली आहे का? तीच मी, मापे घेणारी एक जुनी टेप. माझ्या अंगावर दीडशे सेंटीमीटर छापलेले आहेत. त्यातले पहिले तीन आता पुसले गेले आहेत, पण ते होते यावर विश्वास ठेवा.

कारखान्यात माझ्यावर आकडे उमटवले, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या बसवल्या आणि बहिणींबरोबर मला खोक्यात भरले. शिवणकाम करणाऱ्या एका तरुण बाईने मला विकत घेतले. तीच माझी मालकीणबाई. मी दिवसभर तिच्या गळ्यात असे. "तुमच्या हातचा कोट कुठे काचत नाही," असे गिऱ्हाईक म्हणाले की ती माझ्याकडे बोट दाखवी आणि मला मूठभर मांस चढे.

पुढे हाल सुरू झाले. जड कात्री माझ्या टोकाला बांधून मला टांगायची सवय लागली. मालकीणबाईच्या यजमानांनी तर एकदा मला गादी बांधायला घेतले आणि गुडघा रोवून ओढले. ओढताना ते गात होते, हे मी विसरलेली नाही. या सगळ्यात मी ताणले गेले आणि माझा एकेक सेंटीमीटर जरा मोठा झाला. पण अंगही माझ्यानेच मोजायचे आणि कापडही माझ्यानेच, मग चूक उघडी पडणार कशी? मला बोलता येत असते तरी मी गप्पच राहिले असते, खोटे कशाला सांगू!

आता त्या सहलीची गोष्ट. हे यजमान तरुणपणी पाण्याचा टँकर चालवत. वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानात रस्ता होत होता, तिथे ते दोन वर्षे होते. रस्त्याच्या शेवटच्या वळणावर त्यांनी एक रोप लावले होते आणि टँकरच्या तळाचे बादलीभर पाणी ते रोज त्याला घालत. चाळीस वर्षांत त्यांना पुन्हा तिकडे जाणे जमले नव्हते. आता काचबिंदूने त्यांची नजर कमी होत चालली होती. पुढच्या वर्षी जाऊ, असे म्हणायची सोय नव्हती.

त्यांची लेक परिचारिका. तिला एकच दिवसाची सुटी मिळाली. उद्यानाचे फाटक सकाळी सहाला उघडते, संध्याकाळी सहाला बंद होते आणि आत ताशी चाळीसच्या वर गाडी चालवायची नाही. तिने कटाईच्या टेबलावर नकाशा पसरला.

"बाबा, ते वळण फार लांब आहे हो. दिवसात बसेल असं वाटत नाही."

"नसेल बसत तर राहू दे," यजमान म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला.

"मोजल्याशिवाय नाही म्हणायचं नाही," मालकीणबाई म्हणाली आणि तिने मला गळ्यातून काढले.

बाहीचा मुंढा मोजताना टेप कडेवर उभी धरून वळवतात. तशीच मला उभी धरून तिने नकाशावरच्या रस्त्याचे एकेक वळण मोजले. जाऊन-येऊन साठ सेंटीमीटर भरले. नकाशावर लिहिले होते, एक सेंटीमीटर म्हणजे पाच किलोमीटर. म्हणजे तीनशे किलोमीटर, साडेसात तास. मग तिने दिवस कापडासारखा बेतला. लेकीसाठी वाळूची टेकडी, स्वतःसाठी मिठाचे पांढरे मैदान, यजमानांचे झाड, जेवण आणि जेवणानंतर यजमानांची अर्ध्या तासाची डुलकी. ही डुलकी त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही चुकवली नव्हती. पंक्चरसाठी अर्धा तास राखून सगळे बरोबर बसले. यजमान हसले. पण माझे साठ म्हणजे साठ नव्हेत, हे फक्त मला ठाऊक होते.

आदल्या दुपारी लेकीने गाडीतल्या स्टीलच्या टेपने मागची काच मोजली आणि ओरडून सांगितले, "आई, पडदा शंभरचा काप!" मालकीणबाईने माझ्यावर शंभर मोजून कापला. पडदा तीन बोटे मोठा निघाला.

"माझं कापड चुकत नाही," ती पुटपुटली. तिने स्टीलची टेप माझ्याशेजारी ठेवली आणि माझे बिंग फुटले. मला कचऱ्याची टोपली दिसू लागली.

पण ती नकाशाकडे धावली. "अगं, रस्ता साठ नाही, त्रेसष्ट आहे! पंधरा किलोमीटर जास्त! जवळजवळ पंचवीस मिनिटं कमी पडतायत."

"पंक्चरच्या अर्ध्या तासाला हात लावायचा नाही," लेक म्हणाली.

"मग माझं मिठाचं मैदान काढ. लांबूनच बघेन मी."

यजमान ताडकन उठले. "काही नाही काढायचं! चार महिने मैदान-मैदान करतेयस. माझी डुलकी काप."

मालकीणबाईने नकाशावरून मान वर केली.

"अहो, झेपेल का तुम्हाला?"

"टेप मीच ओढली होती, गादी बांधताना. आता मीच भरून देतो."

मित्रांनो, मला इतके बरे वाटले की काय सांगू! इतक्या वर्षांचा माझा राग एका वाक्यात विरघळला.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई मिठावर अनवाणी चालली. यजमान जेवल्यावर डोळे ताणून जागे राहिले. शेवटच्या वळणावर झाड होते. बुटके, काटेरी आणि चांगले पसरलेले. यजमानांना ते नीट दिसेना, म्हणून ते हाताने खोड चाचपत राहिले. मालकीणबाईने पिशवीतून मला काढले. एक टोक तिने धरले, दुसरे यजमानांनी, आणि दोघे दोन बाजूंनी खोडाला वळसा घालत निघाले.

"एकशे चार," ती म्हणाली.

"म्हणजे खरे किती?"

"एकशे नऊ."

आम्ही पावणेसहाला फाटकाबाहेर पडलो.

मी आजही खिळ्यावर आहे, पण कात्रीशिवाय. मित्रांनो, टेपने गाद्या बांधू नका, तिला जड वस्तू टांगू नका. आणि एखादे जुने माप ताणले गेलेच, तर फेकण्याआधी ते किती ताणले आहे एवढे समजून घ्या. खोडाच्या पलीकडे माझी दोन्ही टोके भेटली, तेव्हा त्या दोघांचे हातही एकमेकांत आले होते. ते मोजायला मला कुणी सांगितले नाही आणि मीही मोजले नाही.