गुंजनची फाईल

दवनीवाड्यात माझं ऑनलाइन सेंटर आहे. त्या दिवशी शटर उघडायच्या आधीच देवचंदकाका आणि रेणूकाकी दारात उभे होते. त्यांची गुंजन इंग्लंडमध्ये नर्स होती. ड्युटीवर जाताना तिला गाडीनं उडवलं. मेंदूला मार लागलाय, आयसीयूत आहे, एवढंच तिच्या खोलीवरच्या केरळच्या मुलीनं कळवलं होतं. काका-काकींकडे पासपोर्ट नव्हते.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते, "तिकडची फाईल मागवा. मी पाहतो, तिथल्या डॉक्टरांशी बोलतो."

मी तिथल्या हॉस्पिटलला मेल टाकला. उत्तर आलं, रुग्णाची माहिती देशाबाहेर पाठवायला तिची संमती लागते. नसेल तर माहिती जपून ठेवायची हमी देणारा सोबतचा करार नागपूरच्या दवाखान्यानं भरून द्यावा. मी नागपूरला जाऊन सही-शिक्का आणला. चार दिवसांनी करार परत आला, सोबत उत्तर होतं. तो ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होतं तेव्हाचा, चुकून पाठवला गेला. आता देश बाहेर पडलाय, नवा करार भरा.

"पोरगी आमची, अन् हे कागद कायले मागून राहिले?" काकी म्हणाली.

"तिकडचा कायदा आहे, काकी."

"तिले होश नाही. सही कोन करन?"

तेच मी मेलमध्ये लिहिलं. अपघातानंतर अकराव्या दिवशी हॉस्पिटलच्या एका अधिकाऱ्याचं उत्तर आलं. जीव धोक्यात असेल तर कराराशिवायही माहिती देता येते, हे आधी लक्षात यायला हवं होतं, माफ करा. फाईल जोडली होती.

गुंजन आदल्याच दिवशी गेली होती.

मी फाईल बंद करणार होतो. काका म्हणाले, "वाच. सगळं वाच."

मी एकेक पान मराठीत सांगत गेलो. सहाव्या दिवशी दुपारच्या नर्सनं लिहिलं होतं, रुग्ण थोडा वेळ शुद्धीवर आली. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते. भाषा इथं कुणालाच कळत नाही, ऐकू आलं तसं लिहिते. पुढं इंग्रजी अक्षरांत वाक्य होतं. मी थांबलो.

"काय लिवलं?" काकीनं विचारलं.

"माय, तू कवा येशीन."

काका उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. काकीनं त्या पानाची प्रिंट मागितली. तिला वाचता येत नव्हतं. कागद मांडीवर घेऊन ती त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली.

"बाबू," ती म्हणाली, "यातलं माय कोनतं हाये?"