आंब्याखालचा सोनटक्का

हर्षलने कुदळीचा पहिला घाव घातला आणि खिडकीजवळच्या कॉटवरून त्याचे वडील, आप्पा, ओरडले, "विठ्ठल!"

"हो आप्पा, विठ्ठल विठ्ठल," हर्षल मान वर न करता म्हणाला. सातपूरच्या कारखान्यातली सेकंड शिफ्ट गाठायच्या आत त्याला आंब्याखालची जागा मोकळी करायची होती.

अर्धांगाच्या झटक्यानंतर मल्हारीआप्पांच्या जिभेवर हा एकच शब्द उरला होता. तहान लागली, विठ्ठल. डास चावला, विठ्ठल. जन्मभर कीर्तनात पुढे बसलेला माणूस म्हणून कॉलनीतल्या बायका येऊन पाया पडत, "केवढं पुण्य!" म्हणत. त्या वेळी आप्पांना हवं असे लघवीचं भांडं.

आंब्याखाली त्यांचा सोनटक्का होता. पानं वाळून भुईसपाट झाली होती, पण गड्डे मातीत नुसते निजले होते. पाऊस लागला की कोंब काढणार, श्रावणात फुलणार, आणि पहिली माळ कीर्तनकार बुवांच्या गळ्यात.

"विठ्ठल! विठ्ठल!"

"अगं बाई, किती ही तळमळ!" सून मोहिनीने मोबाइलवर कीर्तन लावलं, उशाशी ठेवलं आणि आवाज वाढवला.

"तुम्ही पडलात, अन् पाण्यावाचून सगळं वाळलं बघा," हर्षल म्हणाला. "आता इथं फरशी टाकतो. तुमची खुर्ची थेट सावलीत! घरात पडून जीव आंबला असेल."

त्याची पाठ घामाने निथळत होती. आप्पांनी डोळे मिटून घेतले. या पोरावर रागवायचं तरी कसं?

खणून काढलेल्या गड्ड्यांच्या टोपल्या घंटागाडीत रिकाम्या झाल्या. दारात एक गड्डा सांडला होता, तो मोहिनीने धुऊन आणला.

"आलं दिसतंय. चहाला होईल."

आप्पांनी धडधाकट हाताने तो झडप घालून घेतला. मूठ काही सुटेना.

"बरं बाई, तुमचंच," ती हसली.

फरशी झाली तशी खुर्ची सावलीत आली. खोडाभोवती हर्षलने मातीचं आळं तेवढं ठेवलं होतं. उशीखाली जपलेला गड्डा आप्पांनी पंच्यातून काढून त्यात टाकला. माती लोटायला वाकले, तर हात पोचेना.

"विठ्ठल."

मोहिनी मोबाइल घेऊन आली. कीर्तन लावता लावता तिला आळ्यातला गड्डा दिसला. त्याला तांबूस कोंब फुटला होता. वर आप्पांची बोटं मातीकडे ताणलेली होती.

तिने मोबाइल बाजूला ठेवला आणि उकिडवी बसली.

"झाकू, आप्पा?"

"विठ्ठल."

तिने मूठभर माती लोटली.

"एवढी पुरे?"

"विठ्ठल!"

तिने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि आणखी एक मूठ घेतली.